मस्टँगला सुपरचार्जर बसवण्याआधी गरमीचा बंदोबस्त करा

धुळ्याच्या भाऊंनी विचारलंय: २०१७ ची मस्टँग जीटी आहे, वर्षातून दोन-तीनदा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, म्हणजे रेसिंग ट्रॅकवर, न्यायची आहे. इंजिनात जास्त हवा कोंबायला पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर घ्यावा की एक्झॉस्टच्या वायूवर फिरणारा टर्बो, आणि बूस्ट, म्हणजे त्या हवेचा जादा दाब, किती ठेवावा?

भाऊ, जरूर बसवा. पण बूस्टचा आकडा सगळ्यात शेवटी ठरवा. आपल्याकडे आलेल्या जीटीचं पाच लिटरचं व्ही-८ इंजिन मुळात ४०० पीएसचं (अश्वशक्ती), कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधलं मिश्रण दाबण्याचं प्रमाण, ११:१ आणि पिस्टन ओतीव. एवढ्या कॉम्प्रेशनवर वरून हवा कोंबली की नॉकिंगची, म्हणजे पेट्रोल वेळेआधी आपोआप भडकण्याची, भीती आलीच. त्यात आपलं खान्देशातलं ऊन. मे महिन्यात ४५ अंशांची हवा फक्त ६ पीएसआयने (पीएसआय हे दाबाचं एकक) दाबली, तरी सुपरचार्जरमधून बाहेर पडताना ती ९५ अंशांच्या आसपास जाते. ती थंड करायला इंटरकूलर असतो खरा, पण त्याच्या रेडिएटरवर येणारी हवाही ४५ चीच.

मी जळगावात माझ्या गाडीला सेंट्रिफ्युगल (पंख्याने हवा फेकणारा) सुपरचार्जर बसवला तो डिसेंबरात. मॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातलं इंधन आणि ठिणगीचं सेटिंग, पहाटेच्या गारव्यात केला, गाडी अशी सुटायची की मन भरून यायचं. एप्रिलमध्ये ट्रॅकवर नेली तर तिसऱ्या फेरीपासून दम कमी झाला. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, नॉकिंग टाळायला ठिणगीचं टायमिंग मागे खेचत होता. घरी येऊन स्पार्क प्लग काढले. एका प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिठाच्या कणांएवढे करडे, चमकणारे ठिपके दिसले. सराफ मित्राच्या भिंगाखाली धरला तेव्हा खात्री पटली, तो पिस्टनचा अ‍ॅल्युमिनियम होता. आणखी दोन फेऱ्या मारल्या असत्या तर पिस्टनच्या रिंगांमधला काठ तुटला असता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून ट्रॅकसाठी मी सेंट्रिफ्युगलच सुचवेन. त्याचा बूस्ट आरपीएमबरोबर चढत जातो, त्यामुळे वळणातून निघताना मागची चाकं एकदम फिरत नाहीत. ट्विन-स्क्रू, म्हणजे दोन मळसूत्रांचा सुपरचार्जर, कमी आरपीएमपासूनच जोर देतो, रस्त्यावर मजा त्याचीच. पण तो इंजिनाच्या डोक्यावर, सिलेंडरच्या दोन्ही रांगांच्या मधे बसतो आणि लागोपाठ फेऱ्यांत तापून राहतो. टर्बोत पट्ट्यावर ताकद खर्च होत नाही, मात्र बॉनेटखाली लालबुंद एक्झॉस्ट येतो. आपल्या हवेत तो नकोच.

आता खर्चाचा क्रम. पहिल्यांदा ऑइल कूलर आणि बॅफल (तेल अडवणाऱ्या आडव्या पट्ट्या) असलेला ऑइल पॅन, कारण लांब वळणात तेल एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. मग इंटरकूलरसाठी मोठा हीट एक्स्चेंजर, म्हणजे त्याचा रेडिएटर. त्यानंतर ट्रॅकचे पॅड आणि ताजं ब्रेक फ्लुइड. पावणेदोन टनांची गाडी किलोमीटरभराच्या सरळीनंतर थांबवायची आहे, आणि ताकद वाढली की त्या टोकाला वेगही जास्त असणार. जुनं फ्लुइड पाणी ओढून बसलेलं असतं, ते उकळलं की पेडल थेट तळाला जातं. हे सगळं झालं की ६ पीएसआयवर थांबा. ४०० चे सव्वापाचशे-साडेपाचशे झाले तरी खूप झाले.

पेट्रोल हा आपला अडचणीचा विषय, कारण ऑक्टेन जितका जास्त तितकं नॉकिंग कमी. १०० ऑक्टेनचं एक्सपी-१०० पुण्या-मुंबईत आणि दिल्ली-नोएडाकडे मिळतं. पण मॅप मात्र घरच्या पंपावर जे मिळतं त्यावरच करून घ्या, तोही दुपारी. चांगलं पेट्रोल पडलं तर ती वरची कमाई. एअर फिल्टरही लवकर बदला, आपल्या काळ्या मातीची धूळ फार बारीक असते.

अजून एक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे असे बदल केलेली गाडी रस्त्यावर अडचणीत येते, विमाही नाकारला जाऊ शकतो. माझी ट्रेलरवरून जाते, तुमचीही तशीच न्या. वाटेतल्या बिजासन घाटात तेवढा वेळ जास्त लागेल.

सुट्या भागांची ऑर्डर देण्याआधी एक करा: आत्ताच्या स्टॉक, म्हणजे बदल न केलेल्या, गाडीत पाच फेऱ्या सलग मारा आणि तेलाचं व इनटेक हवेचं तापमान ओबीडीवर (गाडीच्या निदान पोर्टला जोडायच्या रीडरवर) नोंदवून इथे टाका. तेल १३० अंशांच्या वर जात असेल तर सुपरचार्जरचे पैसे अजून खिशातच ठेवा.