तिबेटी निर्वासित कुटुंबाकडे विद्यार्थी म्हणून राहायला जाताना काय लक्षात ठेवावं?

तुम्ही विचारलंय की अभ्यासदौऱ्यात तीन आठवडे हिमाचलात एका तिबेटी कुटुंबाकडे राहायचं आहे, तर काय बोलावं, काय टाळावं, सोबत काय न्यावं.

मी २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये कांगडा जिल्ह्यातल्या बीरच्या तिबेटी वसाहतीत चोवीस दिवस राहिले. घरात सत्तरीच्या आमाला, त्यांचा भाचा आणि त्याची बायको. ‘आमा’ म्हणजे आई. ‘ला’ आदरासाठी, आपण नावापुढे ‘राव’ लावतो तसा. वडीलधाऱ्या पुरुषाला ‘पाला’ म्हणायचं. एवढे दोन शब्द पाठ करून जा.

मी केलेली चूक तुम्ही करू नका. पहिल्याच रात्री जेवताना मी विचारलं, “तुम्ही तिबेटमधून कशा आलात?” आमालांनी हिंदीत दोन वाक्यं सांगितली: १९५९ नंतर आलो, खूप चाललो. मग त्या माझ्या ताटात वाढायला लागल्या. त्यांच्याकडे दर वर्षी नवी मुलं येतात आणि पहिल्याच रात्री तोच प्रश्न विचारतात, हे मला नंतर भाच्याकडून कळलं. मनातून फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी घरातलं एक काम मागून घेतलं. देवघरात रोज सकाळी सात वाट्यांमध्ये पाणी भरून ठेवतात. दोन वाट्यांमध्ये जवाच्या दाण्याएवढं अंतर हवं, चिकटूनही नको आणि लांबही नको. संध्याकाळी पाणी काढायचं, वाट्या कोरड्या फडक्यानं पुसायच्या आणि उपड्या ठेवायच्या. पुसण्याचं काम माझ्याकडे आलं. आमाला शेजारी बसून माळ ओढायच्या आणि मध्येच आपणहून बोलायच्या. पूर्व तिबेटमधल्या देर्गे भागातून त्यांचं कुटुंब निघालं तेव्हा दिवसा लपायचं आणि रात्री चालायचं. भारतात आल्यावर आईला रस्त्याच्या कामावर खडी फोडायला लागली. हिमाचलातले कितीतरी डोंगरी रस्ते त्या काळात तिबेटी निर्वासितांच्या हातांनी झाले आहेत. आमच्या आजीनं १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावर खडी फोडली होती. ते मी सांगितलं तेव्हा आमालांनी पहिल्यांदा मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. मजुरी किती मिळायची, मूल कुठे ठेवायची, पाणी कुठून आणायची. तेव्हापासून आमचं खरं बोलणं सुरू झालं. म्हणून म्हणते, भांडी घासा, मोमोच्या पाऱ्या लाटा, कोथिंबीर निवडा, पण हातात काम धरा. आणि स्वतःच्या घरचंही सांगा.

चहाचं आधीच सांगून ठेवते. पोचा म्हणजे लोणी आणि मीठ घातलेला चहा. चहा समजून प्यायलात तर पहिला घोट जड जाईल, सार समजून प्या. प्रत्येक घोटानंतर कप पुन्हा भरला जातो. आपल्याकडच्या पंगतीतला आग्रह आठवा. नको असेल तर भरलेला कप तसाच राहू द्या आणि उठताना संपवा, त्यात कुणाला वाईट वाटत नाही. शाकाहारी असाल तर जाण्याआधीच कळवा, कारण थुक्पा (शेवयांचं सूप) आणि मोमो बऱ्याच घरांत मांसाचे होतात. पाय देवघराकडे करून बसू नये, पोथी जमिनीवर ठेवू नये, कुणाला ओलांडून जाऊ नये, हे तुम्हाला घरूनच माहीत असेल.

फोटोंच्या बाबतीत मात्र फार जपा. बहुतेक घरांत दलाई लामांची तसबीर असते. तिबेटमध्ये ती ठेवायला बंदी आहे, आणि अनेकांचे सख्खे नातेवाईक अजून तिकडेच आहेत. त्या तसबिरीसमोर घरातल्या माणसांचा चेहरा दिसेल असा फोटो तुम्ही सोशल मीडियावर टाकलात तर तिकडच्या माणसांना त्रास होऊ शकतो. विचारल्याशिवाय काहीही टाकू नका. आमालांची बहीण तिकडे आहे. तेव्हा त्या दोघी वीचॅट या चिनी ॲपवर बोलायच्या, मोजकं आणि जपून, बरीचशी हवापाण्याचीच चौकशी. जून २०२० मध्ये भारतात वीचॅटवर बंदी आली आणि तो धागाही तुटला. त्या दोघी कशा असतील, हे मला आजही दर हिवाळ्यात आठवतं.

कागदपत्रांबद्दल बोलणं निघालं तर नीट ऐका. भाचा बीरमध्येच जन्मला, हिंदी आणि पहाडी अस्खलित बोलतो, तरी त्याच्याकडे परदेशी नागरिकाचं नोंदणीपत्र आहे. सगळे त्याला ‘आरसी’ म्हणतात. परदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी पिवळं ओळखपुस्तक. कायद्याने १९५० ते १ जुलै १९८७ या काळात इथे जन्मलेले भारतीय नागरिक ठरतात, पण काहीजण तो हक्क मुद्दाम वापरत नाहीत. “मग घेऊन का टाकत नाही?” असं चटकन विचारू नका. त्यांच्यासाठी तो देश सोडल्याचा कागद ठरू शकतो. आणि बाजारात कुणी त्यांना ‘चिनी’ म्हणालं, तर गप्प बसू नका.

सोबत न्यायचं म्हणाल तर ऑक्टोबरात गरम कपडे, टॉर्च, स्वतःची औषधं. दिल्लीतल्या मजनू का टिल्ला या तिबेटी वस्तीतून संध्याकाळी बस निघते. भेट म्हणून मी चिवडा आणि तिळाच्या वड्या नेल्या, त्या दोन दिवसांत संपल्या. राहण्याचे पैसे संस्थेमार्फत देत असाल तर त्यातले कुटुंबाला किती पोचतात हे संस्थेला स्पष्ट विचारा. हे विचारण्यात काही गैर नाही.

मी निघायच्या आठवड्यात घरात स्वेटरांचे गठ्ठे बांधले जात होते. माल लुधियानाहून उधारीवर येतो, हंगाम संपला की फेडायचा. भाचा आणि त्याची बायको ते विकायला नागपूरला निघाले होते. मी नागपूरची आहे हे कळल्यावर आमाला उठून बसल्या आणि चक्क मराठीत म्हणाल्या, “ताई, फिक्स रेट आहे, घासाघीस नाही.” वीसेक हिवाळे त्यांनी नागपुरात स्वेटर विकले होते. मी लहानपणी आईचा हात धरून कुणाकुणाशी भाव केला असेल, कुणास ठाऊक. आपल्याच गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे, हेही मला त्यांनीच सांगितलं. जमलं तर हिमाचलआधी तिथे एक दिवस जाऊन या.

निघताना आमालांनी गळ्यात पांढरा ‘खाता’, म्हणजे मानाचं उपरणं, घातला आणि म्हणाल्या, “कले फे.” सावकाश जा. जाणाऱ्यानं राहणाऱ्याला म्हणायचं असतं, “कले शू.” सावकाश बसा. मला ते वेळेवर आठवलं नाही. मी म्हणाले, “येते, आमाला.” नागपुरात वीस हिवाळे काढलेल्या त्या बाईंना त्याचा अर्थ सांगावा लागला नाही. त्या म्हणाल्या, “ये.”