ब्रेसेस काढल्यावर दात पिवळे आणि डागाळलेले दिसतात. लिंबू-मीठ चोळलं तर पांढरे होतील का, की सरळ ब्लीचिंग करू?

लिंबू-मीठ अजिबात नको. खायचा सोडाही नको आणि कोळशाचं मंजनही नको. दातावरचं कवच एकदा झिजलं की पुन्हा येत नाही, आणि त्याखालचा थर मुळातच पिवळसर असतो. जितकं घासाल तितका दात पिवळा दिसेल, वर माठातलं पाणीही झोंबेल.

इतक्या तावातावानं लिहितेय, कारण आमच्या घरात यावरून वर्षानुवर्षं वाद चाललाय. माझं गाव केळापूर तालुक्यातलं. बाबांनी कापसाचे पैसे येतील तसे हप्ते भरून माझ्या दातांना तारा लावून दिल्या. तारा निघाल्या, दात एका रेषेत आले, पण पुढच्या दातांवरचे तपकिरी पट्टे जास्तच डोळ्यात भरू लागले. चुलतभावाच्या साक्षगंधात काकूंनी सगळ्या बायकांसमोर विचारलं, "इतके पैशे घालून दात पिवयेचे पिवयेच! खर्रा खाते का वं पोरी?" खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारी. मी तर नुसती सुपारीसुद्धा कधी तोंडात टाकलेली नाही. आई काही न बोलता वाढत राहिली, ते मला अजून खुपतं.

काकूंचं म्हणणं एकच, आमच्या लेकरांचे दात पाहा, रोज मंजनानं घासायचे. अहो, ती लेकरं अमरावतीत वाढली, अप्पर वर्धा धरणाचं पाणी पिऊन. मी वाढले गावातल्या बोअरच्या पाण्यावर. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या बऱ्याच गावांत, केळापूर, झरी-जामणी, वरोरा भागात, बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त सापडतं. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्याहून जास्त असलेलं पाणी वयाच्या सात-आठ वर्षांपर्यंत पोटात जात राहिलं, तर हिरडीच्या आत घडणाऱ्या दातातच डाग बसतो. दात उगवतो तोच डाग घेऊन. माझा थोरला भाऊ लहानपणी विहिरीचं पाणी प्यायचा, हापशी नंतर आली. ब्रशचा कंटाळा करणारा तो, आणि दात त्याचे स्वच्छ! एकाच आईची लेकरं, एकच घर. काकूंनी याचं उत्तर द्यावं.

त्यांचा दुसरा सवाल, "मंग पेस्टमंधी फ्लोराइड कायले टाकते?" कारण पेस्ट थुंकायची असते, ती उगवलेल्या दाताला वरून बळ देते. तारा काढल्यावर तर ती हवीच. ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवायचे छोटे चौकोनी तुकडे, जिथे चिकटवले होते त्याच्या कडेनं खडूसारखे पांढरे डाग राहतात, तिथले क्षार निघून गेलेले असतात. लाळ आणि फ्लोराइडची पेस्ट यांनी पहिल्या काही महिन्यांत ते बरेच फिके पडतात.

तेव्हा आधी दातांच्या डॉक्टरकडून चिकटवलेल्या सिमेंटचे उरलेले कण आणि कीटण काढून पॉलिश करून घ्या. पुष्कळदा पिवळेपणा त्यातच जातो. ब्लीचिंगची घाई करू नका, पांढरे डाग असतील तर सुरुवातीला ते आणखी उठून दिसतात. माझ्यासारखे तपकिरी पट्टे असतील तर नुसतं ब्लीचिंग सहसा पुरत नाही. डॉक्टर आधी आम्लाच्या पेस्टनं वरचा अगदी पातळ थर काढतात, त्याला मायक्रोअब्रेजन म्हणतात, आणि मग ब्लीच करतात. मी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात करून घेतलं, पट्टे पुष्कळ फिके झाले. (मग लिंबानं काय बिघडतं, असं काकू म्हणतीलच. किती थर काढायचा आणि कुठे थांबायचं हे डॉक्टरला कळतं, घरी लिंबू चोळणाऱ्याला नाही.)

हो, वय १८ च्या आत असेल, गरोदर असाल किंवा एखादा दात किडलेला असेल, तर ब्लीचिंगचं डॉक्टरला विचारल्याशिवाय ठरवू नका. रिटेनर, म्हणजे तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा साचा, लावणं सोडू नका, दात परत सरकतात. दात पांढरे करायचं बाजारातलं जेल त्यात भरून बसू नका.

आणि घरी लहान लेकरू असेल, पाणी बोअरचं असेल, तर ते तपासून घ्या. उकळून फ्लोराइड जात नाही. आरओ लावा, नाहीतर तपासलेल्या विहिरीचं आणा. काकूंचा नातू आता गावातच आहे, त्याच बोअरचं पाणी पितो. त्याचे दुधाचे दात अजून पडायचेत, म्हणून दर भेटीत मी हेच सांगते, आणि काकू मला मंजनाची पुडी देतात.