वाचक विचारतात : गायकाचा आवाज नेमका कुठे हरवतो?

प्रश्न : लहान क्लबमधल्या रॉक शोला लवकर जाऊन अगदी स्टेजला चिकटून उभी राहते. पण तिथे ड्रम्स आणि गिटारच ऐकू येतात, गाण्याचे शब्द कळत नाहीत. मिक्सिंग वाईट असतं का?

उत्तर : बहुतेक वेळा मिक्सिंग ठीक असतं, जागा चुकलेली असते. गायकाचा आवाज श्रोत्यांपर्यंत येतो तो मुख्य स्पीकरमधून. ते स्टेजच्या दोन टोकांना, बहुधा डोक्याच्या वर असतात आणि त्यांचं तोंड सभागृहाच्या मध्याकडे असतं. स्टेजला चिकटून मधोमध उभं राहिलं की आपण त्यांच्या टप्प्याबाहेर पडतो. स्टेजच्या कडेला ठेवलेले तिरपे स्पीकर, म्हणजे मॉनिटर, गायकासाठी असतात. तुमच्याकडे त्यांची पाठ. मग तुमच्या वाट्याला येतो तो ड्रम्सचा थेट आवाज आणि गिटारचे अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारे स्टेजवरचे स्पीकर. अँपमधला तीक्ष्ण आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. डोकं त्या झोतात आलं तर गिटार कानात घुसते, दोन पावलं सरकलात तर तीच बोथट होते.

साउंड इंजिनिअरचे हात इथे बांधलेले असतात. ड्रम्सचा जो आवाज थेट कानावर येतो तो मिक्सरमधून, म्हणजे सगळे आवाज कमी-जास्त करून एकत्र करणाऱ्या यंत्रातून, येतच नाही, तर कमी कसा करणार? गायकाचा फेडर (आवाज वाढवायची सरकती कळ) फार वर नेला तर माइक शिट्टी मारतो. त्यात गायकाने माइकची जाळी मुठीत धरली असेल तर संपलंच. समोरचाच आवाज घेण्यासाठी बनवलेला माइक मग चहूबाजूंचा आवाज ओढू लागतो.

उपाय म्हणजे मिक्सर शोधा आणि त्याच्या एक-दोन मीटर पुढे उभ्या राहा. इंजिनिअर सगळं तिथे ऐकूनच ठरवतो. मिक्सर मागच्या भिंतीला टेकवलेला किंवा बाल्कनीखाली कोंबलेला असेल तर मात्र हा नियम विसरा. ५० हर्ट्झच्या बेसची एक लाट जवळपास ७ मीटर लांब असते. भिंतीवरून परतलेली लाट येणाऱ्या लाटेत मिसळते, त्यामुळे भिंतीलगत बेस फुगतो आणि भिंतीपासून सुमारे पावणेदोन मीटरवर तोच सूर जवळजवळ गायब होतो. दोन्ही बाजूंना सबवूफर, म्हणजे फक्त बेससाठीचे स्पीकर, असतील तर मधल्या रेषेवर बेस सगळ्यात दणदणीत आणि बाजूला कुठे जास्त, कुठे कमी. म्हणून पहिल्या गाण्यातच दोन मीटर मागे, मग दोन मीटर बाजूला सरकून पाहा. एवढ्यानेही फरक पडतो. पुढेच राहायचं असेल तर गिटारच्या अँपच्या समोरची जागा टाळा. मुख्य स्पीकरच्या थेट पुढ्यात मात्र कधीही नको. तिथे शब्द कळतील, पण कानांची वाट लागेल.

प्रश्न : सुरुवातीच्या बँडचा आवाज मुख्य बँडपेक्षा नेहमीच गढूळ का वाटतो? मुद्दाम करतात का?

उत्तर : मुद्दामपणाचा संशय बराच पसरलेला आहे, पण कारणं साधी असतात. साउंडचेक, म्हणजे शोआधीची आवाजाची चाचणी, सहसा उलट्या क्रमाने होतो : मुख्य बँड आधी, सुरुवातीचा शेवटी. पहिल्याला उशीर झाला की शेवटच्याच्या वाट्याला एखादं गाणं उरतं. मुख्य बँड अनेकदा स्वतःचा इंजिनिअर घेऊन येतो. सुरुवातीच्या बँडला त्या जागेचा जो असेल तो. शिवाय हॉल तेव्हा अर्धा रिकामा असतो. माणसांची अंगं आणि कपडे मधल्या व वरच्या पट्टीचा आवाज शोषतात, त्यामुळे गर्दी भरली की घुमणं आपोआप कमी होतं.

प्रश्न : इअरप्लग घातले की सगळं उशीखालून आल्यासारखं वाटतं. तरी घालावेच का?

उत्तर : घालावेच, पण बदला. फोमचे प्लग वरच्या पट्टीचा आवाज बेसपेक्षा जास्त दाबतात, म्हणून झांजा आणि शब्द जातात, गुरगुर उरते. संगीतासाठीचे फिल्टरवाले प्लग सगळ्या पट्ट्या साधारण सारख्या कमी करतात. १५ ते २० डेसिबल घटवणारे पुरतात.

कामगारांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या निओश या संस्थेची मर्यादा अशी : ८५ डेसिबलला ८ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलवर जाऊ नये असं सांगितलं. प्लगने खरोखर १५ डेसिबल कमी झाले तर १०० चे ८५ होतात. ‘खरोखर’ हा शब्द महत्त्वाचा, कारण पाकिटावरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो आणि अर्धवट घातलेला प्लग जवळपास निरुपयोगी. फोम असेल तर स्वच्छ बोटांनी बारीक, सुरकुती न पडता वळा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा, अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. मग तळवे कानांवर घट्ट दाबा. आवाज आणखी बराच कमी झाला तर प्लग नीट बसलेला नाही. कापसाच्या बोळ्यांवर भरवसा नको.

दुसऱ्या दिवशीही कानात शिट्टी वाजत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं तर त्याच दिवशी जा. उशीर झाला की उपचारांचा उपयोग घटतो.

प्रश्न : मुलगा पहिल्यांदाच उभ्याने पाहायच्या शोला जाणार आहे. गर्दीचं काय सांगू?

उत्तर : आत शिरताच आलेलं दार सोडून दुसरं एक दार हेरायला सांगा. २००३ च्या फेब्रुवारीत ऱ्होड आयलंडमधल्या ‘द स्टेशन’ नाइटक्लबमध्ये स्टेजवरच्या आतषबाजीने भिंतीचा फोम पेटला. बरेच जण आले त्याच दाराकडे धावले, तिथे कोंडी झाली. त्या आगीत १०० जण गेले.

दर चौरस मीटरला पाचांहून जास्त माणसं झाली की धोका सुरू होतो. ओळखायची खूण : आपण हललो नाही तरी शरीर ढकललं जातं. तोवर थांबूच नये, त्याआधीच निघावं. अडकलाच तर हात छातीपुढे बॉक्सरसारखे धरावेत, लोंढ्याला विरोध करू नये, तो ओसरला की तिरकं बाजूला सरकावं. फोन पडला तर वाकायचं नाही. मॉशपिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोर एकमेकांना धडका देत नाचणाऱ्यांच्या घोळक्यात, कुणी पडलं तर आधी उचलायचं, हा तिथला पाळलाच जाणारा नियम.

प्रश्न : फोनवर रेकॉर्डिंग फाटतं आणि चित्रात पट्टे येतात.

उत्तर : माइकच्या भोकावर बोट नाही ना, ते आधी बघा. गेन, म्हणजे माइक किती आवाज घेतो ते, हाताने ठरवता येणारं ॲप घेऊन सगळ्यात मोठा आवाज ॲपच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. तरी फाटलं तर माइकच झेपत नाहीये, मागे सरका. पट्टे एलईडी दिव्यांच्या लुकलुकण्याने येतात, शटरचा वेग १/५० किंवा १/६० सेकंद करून पाहा. फ्लॅश बंद ठेवा. तो स्टेजपर्यंत पोहोचत नाही, पुढच्यांची डोकी तेवढी उजळतात.