तरण्या कोंबड्याचे पाय लुळे पडले? सुई राहू द्या, आधी पंख उचलून बघा

प्रश्न (जिंतूर तालुका) : गिरिराज जातीचा साडेतीन महिन्यांचा कोंबडा रात्री खुराड्यात धडधाकट गेला, सकाळी उठेना. दाणा टिपतो, पण पायावर उभा राहत नाही. दुकानदार म्हणतो, कॅल्शियम आणि अँटिबायोटिक दोन्ही दुप्पट द्या. देऊ का?

उत्तर : नको. दुप्पट तर नकोच, पण एकपटही आज नको. दुकानदाराने तुमचा कोंबडा पाहिलेला नाही.

आधी कोंबडा हातात घ्या. तळव्यात काटा, गाठ आहे का, सांधा गरम लागतो का ते बघा. मग पंख उचलून काखेतली पिसं फुंकरीने बाजूला करा. मोहरीपेक्षा बारीक, लालसर-निळे ठिपके कातडीला चिकटलेले दिसले, तर ती गोचिडीची पिल्लं. आपल्याकडे जुन्या दगड-मातीच्या भिंतीला टेकून खुराडं असतं, तिथे मी हे पुष्कळदा पाहिलंय. ती रक्त पीत असताना पक्ष्याचे पाय लुळे पडतात. ती चिमट्याने अलगद काढा, कोंबडा वेगळा करून भुसकटावर ठेवा, पाणी चोचीजवळ ठेवा. वेळेत निघाली तर पक्षी पुन्हा उभा राहतो.

मोठी गोचीड दिवसा भिंतीच्या भेगेत लपते, रात्री बाहेर येते. रात्री बॅटरी घेऊन जा, दिसेल. खुराडं महिनाभर मोकळं ठेवलं म्हणून ती मरत नाही. उपाशी ती कित्येक महिने काढते. भेगा खरवडा, बुजवा, वरून चुना मारा. लोखंडी खुराड्यावर गॅसची ज्योत फिरवा, पक्षी बाहेर काढूनच. बसायची दांडी भिंतीपासून हातभर लांब घ्या. हे एवढं केलंत तर निम्मी औषधं लागायची नाहीत, असं माझं ठाम मत आहे. आणि कपाशीवरचं उरलेलं कीटकनाशक कोंबड्यावर मारू नका. गोचिडीआधी कोंबडा मरेल.

गोचीड नाही, एक पाय पुढे आणि एक मागे असा पसरलाय, वय दीड ते पाच-सहा महिने? मग मरेक्स या विषाणूच्या रोगाचा संशय धरा. त्याला औषध नाही. त्याची लस पिल्लू निघालं त्याच दिवशी हॅचरीत मानेच्या कातडीखाली देतात. आता ‘मरेक्सची लस’ म्हणून कोणी बाटली दाखवली तर पैसे देऊ नका. पुढच्या वेळी पिल्लं घेताना पहिल्या दिवशीची लस झाली का, हे आधी विचारा. हिरवी पातळ विष्ठा, मान वाकडी असेल तर मानमोडी, म्हणजे राणीखेत. आजारी कळपाला लस टोचू नका. लासोटा ही मानमोडीची पहिली, सौम्य लस न देता थेट आरटूबी ही तिची कडक लस टोचू नका, सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला तर अजिबात नाही. त्या लसीनेच पिल्लं लुळी पडतात.

आणखी एक, हे नीट वाचा. खाद्यात सॅलिनोमायसिन (रक्ती हगवण टाळायला खाद्यात मिसळतात ते औषध) असेल आणि श्वासाच्या घरघरीवर दुकानातून टियामुलिन हे अँटिबायोटिक आणून पाण्यात टाकलं, तर कोंबड्यांचे पाय लुळे पडतात. औषध देण्याआधी खाद्याच्या पोत्यावरचं लेबल वाचा. लेयरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्यही वाढत्या कोंबड्याला नको. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. याला एक टक्का पुरे. जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंड बिघडवतं आणि पाय आणखी जातात. म्हणून पुन्हा सांगतो, कॅल्शियम दुप्पट नको.

प्रश्न (वसमत) : वीस दिवसांच्या पिल्लांची बोटं आत वळलीत, घोट्यावर चालतात.

उत्तर : बी-2 जीवनसत्त्वाची कमतरता. नुसत्या ज्वारी-कण्यांवर पिल्लं वाढवली की होतं. आजच बी-कॉम्प्लेक्स पाण्यातून, लेबलवरच्या मात्रेनेच. लसूण घास बारीक चिरून टाका. फार दिवस वळलेली बोटं सरळ होत नाहीत.

  

एका रात्रीत अनेक पक्षी मेले, तुरे निळे पडले तर मेलेला पक्षी फेकू नका, विकू नका, हात लावू नका. 2021 च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निघाला होता. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन लावा.