लहान मुलांना गाणं शिकवायला बसण्याआधी

आधी तुझा सा, म्हणजे तू गाताना धरतेस तो मूळ स्वर, बाजूला ठेव. तू काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून गातेस, तो मंद्राकडचा, म्हणजे खालच्या सप्तकाकडचा सा पाच-सहा वर्षांच्या मुलांना फार खाली जातो. मग ती गात नाहीत, पुटपुटतात, आणि आपण म्हणतो मूल सुरात नाही. मीही पहिली दोन वर्षं हेच केलं. एका मुलीला मागच्या रांगेत बसवलं, ते अजून सलतं. पेटीवर मधल्या सप्तकातली पांढरी एक किंवा दोन, म्हणजे पहिली किंवा दुसरी पांढरी पट्टी, सा म्हणून धरून बघ, तीच मुलं मोकळ्या गळ्यानं गातील.

पेटी मात्र सतत वाजवू नकोस. तू एक ओळ गा, थांब, त्यांना गाऊ दे आणि तेव्हा नुसतं ऐक. सोबत चालू राहिलीस तर कोण कुठे घसरतंय ते कळतच नाही.

रागाचं नाव सांगायची घाई नको. भूप रागाचे पाचच स्वर, सा रे ग प ध. त्यातल्या सा, रे, गवर महिनाभर खेळता येतं. ताल पायांतून शिकव: सहा मात्रांचा दादरा, पहिल्या मात्रेला जोरात पाऊल, चौथीला हलकं. भोंडल्याची गाणी फेर धरूनच म्हणायची असतात, त्यांचा इथे फार उपयोग होतो.

आणि हो, कुणालाही 'तू नुसते ओठ हलव' असं म्हणू नकोस, स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशीसुद्धा.