पेले यांच्या चित्रात मैदान का नाही?

प्रश्न : अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी केलेले पेले यांचे चित्र मी एका पुस्तकात पाहिले. ते छायाचित्रावरून छापलेले आहे, असे तेथे म्हटले होते. मग त्याला व्यक्तिचित्र का म्हणावे? आणि एवढ्या थोर फुटबॉलपटूच्या चित्रात मैदान, धाव, गोल यांपैकी काहीच कसे नाही? (एक वाचक, सांगली)

उत्तर : हे चित्र पेले यांनी करवून घेतलेले नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. वॉरहॉल यांचे स्नेही व कलासंग्राहक रिचर्ड वाइजमन यांनी १९७७ मध्ये दहा नामवंत खेळाडूंची चित्रमालिका त्यांच्याकडून करवून घेतली. मुष्टियोद्धा मुहम्मद अली, टेनिसपटू ख्रिस एव्हर्ट आणि पेले हे त्यांपैकी. खेळाच्या चाहत्यांना चित्रांची आणि चित्ररसिकांना खेळाडूंची गोडी लागावी, हा वाइजमन यांचा हेतू होता. वॉरहॉल यांना मात्र खेळापेक्षा प्रसिद्धीचे कुतूहल अधिक, त्यामुळे मैदान गळाले आणि चेहरा व त्यालगत धरलेला चेंडू एवढेच उरले. मला ही निवड फार समर्पक वाटते, कारण त्याच वर्षी १ ऑक्टोबरला पेले न्यूयॉर्क कॉसमॉस या क्लबकडून अखेरचा सामना खेळून निवृत्त झाले; मैदान सुटले आणि प्रसिद्ध चेहरा तेवढा उरला.

आता छपाईविषयी. वॉरहॉल पोलरॉइड (छायाचित्र लगेच हाती देणाऱ्या) कॅमेऱ्याने स्वतः अनेक छायाचित्रे घेत आणि त्यांतले एक निवडून, मोठे करून त्यावरून स्क्रीन, म्हणजे छपाईची जाळी, बनवली जाई. आपल्याकडे लग्नपत्रिका ज्या स्क्रीन प्रिंटिंगने छापतात, त्याच जातीचे हे तंत्र आहे : प्रकाशसंवेदी लेप दिलेल्या जाळीवर जेथे उजेड पडतो तेथे लेप घट्ट बसतो, उरलेला पाण्याने धुऊन जातो आणि मोकळ्या छिद्रांतून स्क्वीजीने (रबरी पट्टीने) शाई खाली उतरवली जाते. पण ४० इंच लांबी-रुंदीच्या त्या कॅनव्हासवर शाईबरोबरच ॲक्रिलिक रंगही आहे, आणि तो हाताने लावलेला आहे. म्हणूनच या मालिकेतील पेले यांच्या निरनिराळ्या प्रती रंगांनी एकमेकींहून वेगळ्या दिसतात. कोणता क्षण घ्यायचा, चेहरा कोठे कापायचा, कातडीला कोणता रंग द्यायचा, हे सारे चित्रकारानेच ठरवलेले असल्यामुळे त्याला व्यक्तिचित्र म्हणण्यात मला काहीच संकोच वाटत नाही. पुस्तकातील बोटभर छापात रंगाचे जाड फटकारे आणि त्यांवरून सरकलेली शाई सपाट होऊन जाते, म्हणून आपल्याला ते निव्वळ छायाचित्र वाटले असावे.