जड तेलात कार्बन डायऑक्साइड: वाचकांचे चार प्रश्न

प्रश्न : तेलक्षेत्रात विहिरीतून खाली सोडलेला कार्बन डायऑक्साइड जमिनीतलं जड (घट्ट, सहज न वाहणारं) तेल धुऊन काढतो म्हणतात, ते कसं?

हलक्या तेलाबाबत ते खरं आहे. पुरेशा दाबाखाली गॅस आणि तेल एकजीव होतात. जड तेलाला त्यासाठी लागणारा दाब सहसा खडकाला सोसवत नाही. तिथे गॅस तेलात नुसता विरघळतो, सोडावॉटरमध्ये असतो तसा. तेल फुगतं, पातळ होतं, वाहू लागतं. तुर्कस्तानातलं बाती रामान तेलक्षेत्र बघा. शोध १९६१चा, सुमारे १३०० मीटर खोल चुनखडक, तेल १२ अंश एपीआय (तेलाच्या हलकेपणाचं माप; आकडा जितका लहान तितकं तेल जड), वाहण्याला होणारा विरोध पाण्याच्या जवळपास ६०० पट. नैसर्गिक दाबावर दोन टक्केही तेल हाती लागत नव्हतं. १९८६ पासून तिथे गॅस सोडला जातो.

प्रश्न : सोडलेला गॅस लगेच उत्पादन विहिरीतून परत येतो. उपाय काय?

हेच खरं दुखणं. गॅस तेलापेक्षा कितीतरी पातळ. भेग सापडली की तो तेलाला वळसा घालून पळतो. बाती रामानचा खडक तर भेगांनीच भरलेला. आधी ट्रेसर (माग काढता येणारा पदार्थ) सोडून कोणती विहीर कोणत्या विहिरीला जोडलेली आहे ते शोधा. मग भेगा बुजवायला पॉलिमरचं जेल, खडक फुटेल त्याहून कमी दाबाने, सावकाश भरा. घाई केली तर नव्या भेगा पडतात. जेल घट्ट बसल्यावर पाणी आणि गॅस आळीपाळीने सोडा. एवढं करूनही थोडा गॅस येणारच. तो वेगळा काढून, सुकवून, दाबून पुन्हा खाली पाठवायचा. सुकवणं टाळू नका: कोरडा गॅस साध्या पोलादाला काही करत नाही, ओलसर असेल तर कार्बोनिक आम्ल होऊन नळ्या खातो.

प्रश्न : गॅस खाली दाट राहायला ८०० मीटर खोली पुरेशी का?

३१ अंश सेल्सिअस आणि ७४ बार दाबाच्या वर हा वायू द्रवासारखा दाट होतो, आणि सहसा तेवढ्या खोलीवर इतका दाब असतो, म्हणून तो ढोबळ आकडा. पण उपसलेल्या क्षेत्रात दाब उतरलेला असतो. बाती रामानमध्ये काही भागांत तो ३० बारच्याही खाली गेला होता. तेव्हा खोली नव्हे, आजचा दाब मोजा. जुन्या विहिरींचं सिमेंटही तपासा; गळती बहुधा तिथूनच होते.

प्रश्न : म्हणजे गॅस जमिनीखाली राहतो, तर हवामानाचा फायदा नक्की?

गॅस कुठून आला ते आधी विचारा. बाती रामानचा गॅस सुमारे ९० किलोमीटरवरच्या दोदानच्या नैसर्गिक साठ्यातला. एका खडकातून काढून दुसऱ्यात घातलेला. त्याला हवामानाच्या खात्यात जमा धरू नये. कॅनडातल्या वेबर्न तेलक्षेत्राला मात्र २००० पासून अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटातल्या, कोळशापासून इंधन-गॅस बनवणाऱ्या कारखान्यात पकडलेला कार्बन डायऑक्साइड ३०० किलोमीटरहून लांबच्या पाइपलाइनने येतो (तिथलं तेल मध्यम आहे, जड नव्हे).

हिशेबात फक्त बाहेरून नव्याने आणलेला गॅस मोजा, त्यातून गळती वजा करा. फिरून आलेला गॅस दुसऱ्यांदा मोजणं ही नेहमीची चूक. शिवाय एक बॅरल तेल जळताना सुमारे ०.४३ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. बॅरलमागे त्याहून कमी गॅस खाली राहिला, तर कॉम्प्रेसरची वीज धरण्याआधीच खातं तोट्यात आहे.